जुळी कोकरे आणि मेंढपाळाचा वाटा



बुलढाणा जिल्ह्यात घाटावर असो वा घाटाखाली, मेंढपाळाचे सारे भांडवल त्याच्या कळपात असते. दख्खनी मेंढी एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. ते दगावले तर त्या वेताची मिळकत बुडाली. म्हणूनच सातारा जिल्ह्यात फलटण येथे निंबकर कृषी संशोधन संस्थेने केलेल्या कार्याकडे कार्यकर्त्यांनी लक्ष दिले पाहिजे.

बंगालच्या सुंदरबनात गरोल नावाची ठेंगणी मेंढी आहे. ती जुळी, क्वचित तिळीही देते. तेथील गरीब पशुपालकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. १७९२-९३ च्या सुमारास बंगालमधील मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियात गेल्या. तेथील बुरुला मेरिनो कळपाचा बहुप्रसवतेचा गुण त्यांच्यापासूनच आला असावा, असे संशोधक मानतात. २००१ मध्ये त्या गुणाचे मूळ सापडले. एका जनुकातील एकाच अक्षराच्या बदलामुळे मेंढीच्या एका ऋतुचक्रात अधिक बीजांडे पक्व होतात. पुढच्याच वर्षी गरोलमध्येही तोच बदल आढळला.

फलटणच्या संस्थेने गरोलचा हा गुण संकराने दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' मेंढी तयार केली. शरीर दख्खनीचे, प्रसवता गरोलची! मेंढा स्वतः वीत नाही. त्याचा हा गुण डोळ्यांना दिसत नाही. रक्ताच्या तपासणीने मात्र तो ओळखता येतो. या जनुकाच्या दोन्ही प्रती बाळगणारा मेंढा आपल्या प्रत्येक संततीला एक प्रत देतोच.

परंतु जुळे जन्मास येणे म्हणजे जुळे जगणे नव्हे. दोन कोकरांना पुरेल इतके दूध मेंढीला यावयाचे तर तिला चारा हवा. गायराने अतिक्रमणांनी आक्रसली आणि वनात चराईस बंदी झाली, तर भटकंतीवरील मेंढपाळाला दुसरे कोकरू वरदान न वाटता ओझेच वाटेल. प्रयोगशाळेने दिलेले दान माळरानावर मातीमोल होईल.

यास्तव मागणी दुहेरी असली पाहिजे. तपासणी केलेले मेंढे शासकीय प्रक्षेत्रांतून मेंढपाळांना परवडेल अशा दरात मिळावेत. आणि त्याबरोबरच चराईचा हक्क, लसीकरण व पशुवैद्यकीय सेवा कळपापर्यंत पोहोचावी. कोणत्या कळपात हा गुण आणावयाचा, याचा निर्णयही मेंढपाळानेच घ्यावयाचा आहे. हे जनुक कोणा कारखान्यात घडलेले नाही. निर्धन पशुपालकांनी ते राखले. त्याचे फळही पशुपालकांच्याच पदरी पडले पाहिजे.