सैनिकाचे दुखणे आणि डॉक्टरचा कान



या व्यासपीठावरून आपण इतिहासावर ऐकता, साहित्यावर ऐकता, देशाच्या अर्थकारणावर ऐकता. त्या मानाने आमचा आजचा विषय अगदी घरगुती आहे. निवृत्त सैनिकाने आपल्यासाठी चांगला डॉक्टर कसा मिळवावा आणि मिळाल्यावर त्याच्याशी कसे वागावे, एवढेच आम्हांला सांगायचे आहे. कुणी म्हणेल, हा तर मूठभरांचा प्रश्न. तसे नाही. आपल्या उपनगरांवरून नुसती नजर फिरवा. मालाडला मार्व्याच्या किनाऱ्यावर नौदलाचा 'हमला' तळ आहे. कांदिवली-मालाडच्या पूर्वेस सी.ओ.डी. या नावाने ओळखला जाणारा लष्कराचा डेपो आहे. घाटकोपरला नौदलाचे साहित्यभांडार आहे. शिवाय सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडचे कितीतरी जवान पस्तिशी-चाळिशीत पेन्शन घेऊन मुंबईस आले, बँकेच्या दारावर, कारखान्याच्या फाटकावर, महापालिकेच्या खात्यांत दुसरी नोकरी केली आणि इथेच म्हातारे झाले. बोरिवलीत काय, मुलुंडला काय, ज्यांना सारी बिल्डिंग 'सुभेदारकाका' म्हणते असे एखादे गृहस्थ सापडतातच. आमचे बोलणे त्यांच्याविषयी आहे. आणि त्यांच्या निमित्ताने थोडे आपणां सर्वांविषयीही आहे.

आधी व्यवस्था कशी आहे ते थोडक्यात पाहू. पूर्वी निवृत्त सैनिकाला लष्करी रुग्णालयात उपचार मिळत. पण ते जागा आणि सोय शिल्लक असेल तर. ही उणीव भरून काढण्यासाठी १ एप्रिल २००३ पासून केंद्र सरकारने माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना सुरू केली. सगळे जण तिला ई.सी.एच.एस. म्हणतात. सैनिकाने एकदाच ठरावीक वर्गणी भरायची. मग त्याला, त्याच्या पत्नीला आणि नियमांत बसणाऱ्या अवलंबितांना आयुष्यभर उपचार मिळतात. पहिली पायरी पॉलिक्लिनिकची. तिथला डॉक्टर तपासतो, औषध देतो, आणि गरज पडल्यास पुढे पाठवण्याची चिठ्ठी, म्हणजे रेफरल, देतो. ती लष्करी रुग्णालयाची असेल, नाहीतर योजनेच्या पॅनेलवरील एखाद्या खाजगी रुग्णालयाची.

मुंबईतले मोठे लष्करी रुग्णालय म्हणजे कुलाब्याचे नौदलाचे 'अश्विनी'. देवांचे वैद्य जे अश्विनीकुमार, त्यांचे नाव त्याला दिले आहे. या अश्विनीकुमारांची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. म्हाताऱ्या च्यवन ऋषीला त्यांनी पुन्हा तरुण केले. पण कथेचा दुसरा भाग आपण विसरतो. अश्विनीकुमारांना यज्ञात सोमाचा भाग नव्हता. तो च्यवनाने त्यांना मिळवून दिला. म्हणजे वैद्याने रोग्याला काही दिले आणि रोग्यानेही वैद्याला काही दिले. आमचे सांगणे या एका गोष्टीत मावते. चांगला डॉक्टर आयता सापडत नाही. तो दोघांनी मिळून घडवावा लागतो. त्यातला आपला वाटा आपणच उचलायचा असतो.

सैनिकाला हे जड जाते, आणि त्याला कारण आहे. नोकरीत असताना डॉक्टर शोधावा लागत नाही. पलटणीचा डॉक्टर पलटणीबरोबर राहतो, तोच तंबू, तेच पाणी, तीच थंडी. सकाळी 'सिक रिपोर्ट' करायचा, एम.आय. रूमसमोर रांगेत उभे राहायचे, आणि डॉक्टर जो शेरा देईल तो हुकूम मानायचा. डोके दुखो की पाय मुरगळो, गोळी एकच, ही जुन्या फौजेतली थट्टा आजही म्हातारे लोक सांगतात. पण थट्टेच्या आड एक गंभीर गोष्ट आहे. फौजेत प्रत्येकाची प्रकृती 'शेप' नावाच्या मापाने मोजतात: मन, कान, हातपाय, एकंदर ताकद आणि डोळे. सर्व ठीक असेल तो 'शेप वन'. माप उतरले की बढती अडते, कोर्स हुकतो, चांगली नेमणूक जाते. म्हणून जवान काय शिकतो? दुखणे लपवायला शिकतो. गुडघा सुजला तरी पळतो, कानात सतत सूं सूं होते तरी 'ठीक आहे साहेब' म्हणतो. त्या वयात हे शौर्य ठरते. सत्तरीत तीच सवय जिवावर बेतते.

छातीत भरून आले की 'पित्त असेल' म्हणून थंड दूध पिणारे, लघवीचा त्रास तीन तीन वर्षे कुणालाही न सांगणारे, रात्री दचकून उठतात पण झोप चांगली लागते असे सांगणारे निवृत्त जवान आपल्या आसपास आहेत. पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरसमोर बसल्यावरही ते ताठ बसतात, जणू वार्षिक तपासणीच चालली आहे. डॉक्टर विचारतो, कसे आहात? उत्तर येते, एकदम फिट! मग बिचाऱ्या डॉक्टरने काय करावे? पुढे पन्नास माणसे रांगेत आहेत. तो रक्तदाबाची गोळी लिहितो आणि पुढच्याला बोलावतो. तेव्हा पहिला धडा हा की, आता आपली कोणतीही बढती अडणार नाही. लपवण्यासारखे काही उरलेले नाही. जे दुखते ते सांगा. कधीपासून, किती वेळ, कशाने वाढते, तेही सांगा.

आता प्रश्न असा की, चांगला डॉक्टर ओळखायचा कसा? पदव्यांची पाटी आणि दाराबाहेरची गर्दी, या दोन्ही खुणा फसव्या असतात. आम्ही चार साध्या खुणा सांगतो. तो तुमचे बोलणे पुरे होईपर्यंत लिहू लागत नाही. तो कागद पाहतो तसाच तुम्हांलाही हात लावून पाहतो. औषध कशासाठी आहे आणि ते किती दिवस घ्यायचे, हे तुम्हांला कळेल अशा भाषेत सांगतो. आणि चौथी खूण सर्वांत महत्त्वाची: जे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे ते 'मला हे ठाऊक नाही, मी तुम्हांला पुढे पाठवतो' असे म्हणायला तो लाजत नाही. असा डॉक्टर पॉलिक्लिनिकमध्ये भेटला तर त्याच्याच वेळेला जा, त्याच्याकडेच पुन्हा जा. ओळख वाढली की उपचार सुधारतो.

पण इथे एक अडचण आहे, ती झाकून चालणार नाही. पॉलिक्लिनिकमधले डॉक्टर कंत्राटावर, ठरावीक मुदतीसाठी नेमलेले असतात. आज जो तुम्हांला नावाने ओळखतो तो पुढल्या वर्षी तिथे असेलच असे नाही. मग माणूस बदलला तरी काय टिकते? टिकते ती तुमची फाईल. तिच्या पहिल्या पानावर एका बाजूला चालू आजार, दुसऱ्या बाजूला चालू औषधे, खाली कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते, एवढे स्वच्छ अक्षरांत लिहून ठेवा. नवा डॉक्टर आला की ते पान त्याच्यापुढे ठेवा. पाच वर्षांची कहाणी त्याला दोन मिनिटांत कळेल. निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय मंडळाचे कागदही त्याच फाईलमध्ये असू द्या. तोफखान्यात होता की जहाजाच्या इंजिनरूममध्ये, उंच बर्फात किती काळ काढला, हे सांगितले नाही तर ऐकू कमी येण्याचे किंवा बोटे बधिर होण्याचे मूळ डॉक्टरला कसे सुचावे?

औषधांच्या बाबतीत एक धोका आम्हांला मुद्दाम सांगायचा आहे. बाहेरच्या तज्ज्ञाने एका कंपनीचे नाव लिहिलेले असते आणि पॉलिक्लिनिकमध्ये तेच औषध दुसऱ्या नावाने मिळते. कित्येकांना वाटते, ही सरकारी गोळी वेगळी आणि ती खरी गोळी वेगळी. मग ते दोन्ही घेतात. समजा, दोन्हींत ॲम्लोडिपीनच असले, तर रक्तदाब इतका उतरतो की माणूस मोरीत चक्कर येऊन पडतो, आणि म्हातारपणी मांडीचे हाड मोडणे म्हणजे काय हे आपण जाणताच. म्हणून महिन्यातून एकदा घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरा आणि डॉक्टरच्या टेबलावर ओता. गोळीवर छापलेले औषधाचे मूळ नाव वाचायला त्याच्याकडून शिकून घ्या.

रेफरल घेऊन मोठ्या रुग्णालयात जाल तेव्हाही मान खाली घालून जाऊ नका. लष्करी रुग्णालयाऐवजी पॅनेलवर पाठवले जात असेल, तर पॅनेलवरील कोणते रुग्णालय निवडायचे यात तुमचा शब्द चालतो. बोरिवलीच्या माणसाला लोकल पकडून चर्चगेटला आणि तिथून बसने कुलाब्याला जाणे किती अवघड पडते, हे डॉक्टरला सांगितले तर तो जवळची सोय पाहील. तिथे शस्त्रक्रिया सुचवली तर तीन प्रश्न विचारा: ही केली नाही तर काय होईल? आधी औषधाने पाहता येईल का? आणि ही मला परत पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरांशी बोलून ठरवता येईल का? जीव धोक्यात नसेल तर चांगला शल्यविशारद या प्रश्नांनी रागावत नाही. मात्र खरा आणीबाणीचा प्रसंग असेल, छातीत कळ, अर्धांग, अपघात, तर चिठ्ठीची वाट पाहू नका. जवळच्या रुग्णालयात जा. ते पॅनेलवर नसेल तर घरच्यांनी ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवायचे, हा नियम कपाटाच्या दारावर लिहून लावा. ज्याला तो ठाऊक आहे तोच माणूस त्या दिवशी बेशुद्ध असतो!

आणि घरच्यांवरून आठवले. या कार्डावर सैनिकाच्या पत्नीचाही हक्क आहे. जिने नवरा सीमेवर असताना गावाकडचे घर, शेत, सासूसासरे आणि मुले एकटीने सांभाळली, ती डॉक्टरसमोर बसली की तिच्या दुखण्याचे उत्तर नवरा देतो. 'हिला काही नाही, गुडघे धरतात थोडे.' सुभेदारसाहेब, तिला बोलू द्या; प्रसंगी तुम्ही बाहेर बाकावर बसा. आणि योजनेचे कार्ड, पेन्शनचा कागद, पॉलिक्लिनिकचा पत्ता हे सर्व तिला आजच समजावून द्या. तुमच्यामागे तिला ते शोधत फिरावे लागू नये.

योजनेत दोष नाहीत असे आम्ही म्हणत नाही. २०१५ साली देशाच्या महालेखापरीक्षकांनी या योजनेवर स्वतंत्र अहवाल दिला आणि औषधांची टंचाई, रुग्णालयांची बिले अशा बाबींवर बोट ठेवले. रांगा आहेत, औषध 'नाही' म्हणून परत येणे आहे. पण सगळीकडेच हे थोडेफार आहे. अमेरिकेत निवृत्त सैनिकांसाठी १९३० पासून स्वतंत्र खाते आहे, त्याची स्वतःची रुग्णालये आहेत. तिथे प्रत्येक रुग्णाला एक नेमून दिलेला डॉक्टर असतो, तो पटला नाही तर बदलून मागता येतो, आणि रुग्णाची बाजू मांडायला खास अधिकारी असतो. तरीही २०१४ साली फिनिक्स शहरात तपासणीसाठी थांबलेल्यांच्या गुप्त याद्या उघडकीस आल्या आणि खात्याच्या मंत्र्याला पद सोडावे लागले. पैसा पुष्कळ असला तरी रांग लपवता येते, आणि कुणीतरी बोलले तरच ती उघडी पडते, असा त्याचा अर्थ. म्हणून औषध मिळाले नाही, कुणी उद्धट बोलले, तर भांडू नका आणि गप्पही बसू नका. तारीख, वेळ, औषधाचे नाव लिहून प्रभारी अधिकाऱ्याकडे अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. चार जणांनी मिळून दिलेला अर्ज एकट्याच्या आरडाओरडीपेक्षा दूर जातो. आणि ज्या डॉक्टरने चांगले केले त्याच्याविषयीही दोन ओळी लिहून द्या. कंत्राटावरच्या माणसाला त्या दोन ओळींचे मोल फार असते. च्यवनाने अश्विनीकुमारांना दिलेला सोमाचा भाग तो हाच.

श्रोतेहो, आपल्यापैकी पुष्कळ जण सैनिक नाहीत. पण कुणी मुलुंडच्या, कुणी कांदिवलीच्या कामगार विमा रुग्णालयात जाणारे आहेत, कुणी महापालिकेच्या दवाखान्यात, कुणी मुलाने काढलेल्या विम्यावर. चाळीच्या कोपऱ्यावर तीन पिढ्यांची नाडी ओळखणारे जे घरचे डॉक्टर असत, ते आता कमी होत चालले. त्यांच्या डोक्यात जी आपली कहाणी होती ती आता आपल्यालाच सांभाळावी लागणार, आपल्याच तोंडाने सांगावी लागणार. आपल्या बिल्डिंगमधले सुभेदारकाका उद्या पॉलिक्लिनिकला निघाले, तर त्यांच्याबरोबर कुणीतरी एक जण जा. ते आत 'एकदम फिट' म्हणाले, तर शेजारी बसून हळूच सांगा, 'काका, काल जिन्यात थांबला होतात ते डॉक्टरांना सांगा ना.' एवढे एक वाक्य वेळेवर बोलले गेले, तर एखादा जीव वाचेल.