शर्यत थांबवायची कुणी?

एरवी मी तुमच्याशी कर्ज, हप्ते आणि व्याज यांबद्दल बोलते. आज होड्यांच्या शर्यतीबद्दल बोलणार आहे. नारळी पौर्णिमा आली की वेसाव्यापासून गोराई-मनोरीपर्यंत कोळीवाड्यांत गडबड सुरू होते, आणि आता बायकांची वल्हवण्याची शर्यत भरवावी असं आपल्या गटांनाही वाटू लागलंय. जरूर भरवा. पण आधी माझी फजिती ऐका.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गटांनी खाडीत अशी शर्यत ठेवली. सहा होड्या, प्रत्येकीत चौघी. मंडप, हार, चहा, बक्षिसाच्या साड्या, सगळ्याची यादी माझ्या वहीत होती. पाण्याबद्दल एक ओळ नव्हती. वेळ होती साडेअकराची. पाहुणे आले दीडला, मग भाषणं. होड्या सुटल्या तेव्हा ओहोटीला चांगलाच जोर आला होता. एक होडी तिवरांकडे ओढली गेली आणि कलंडली. त्यातल्या एकीला पोहता येत नव्हतं. विचारलं तेव्हा "येतं की" म्हणाली होती. कोळ्यांच्या घरात नवी सून, चारचौघींत नाही कशी म्हणणार? लाइफ जॅकेटं आणली होती, पण साडीवर शोभत नाहीत म्हणून मंडपात पोत्यात पडून होती. उलटी होडी घट्ट धरून राहिली म्हणून ती वाचली. तेवढ्यात एक मच्छीमार तिथून चालला होता, त्याने चौघींना वर घेतलं. त्याला आम्ही नेमलेलं नव्हतं, हे विसरू नका.

संध्याकाळी एक जुने तांडेल काका म्हणाले, "ताई, पाणी भरलं होतं तेव्हा होड्या का नाही सोडल्यात?"

"पाहुणे आले नव्हते, काका."

ते काहीच बोलले नाहीत. मला फार लागलं ते.

नंतर त्यांनीच मला भरतीचा जुना हिशेब शिकवला. तिथीचा पाऊणपट करायचा. पंचमीला पाचाचे पावणेचार, म्हणजे भरती पूर्ण होणार पावणेचारच्या सुमारास. पौर्णिमेला पंधराचे सव्वा अकरा. हा झाला अंदाज, नेमकी वेळ भरतीच्या छापील तक्त्यात बघायची. पाणी पूर्ण भरलं की थोडा वेळ थांबतं. शर्यत तेवढ्यातच उरकायची, कारण पौर्णिमेचं उधाण असतं आणि मग ओढही तितकीच जोराची. वर पावसाळा, म्हणून हवामान खात्याचा इशारा त्या दिवशी सकाळीही बघायचा.

आता आम्ही आदल्या आठवड्यात ओहोटीच्या वेळी काठाने चालतो. गाळ कुठे खोल आहे, जाळ्यांचे खुंट कुठे आहेत, फेरीबोट कुठून जाते, सगळं वहीत लिहितो. प्रत्येकापुढे दोन रकाने: काय होऊ शकतं, आणि आपण काय करणार. पोहता येतं का, हे प्रत्येकीला बाजूला घेऊन विचारतो. येत असलं तरी जॅकेट घालायचंच, आणि ते काठावरच बांधून ओढून बघायचं. १३ जानेवारी २०१८ ला डहाणूला विद्यार्थ्यांची बोट उलटली, तीन मुली गेल्या. बहुतेकांच्या अंगावर जॅकेट नव्हतं, असं तेव्हा बातम्यांत होतं. होडी उलटली तर ती सोडून काठाकडे पोहायचं नाही, हेही सगळ्यांकडून म्हणवून घेतो. इंजिनाच्या दोन बोटी फक्त वाचवण्यासाठी, त्यांत फोटोवाले बसणार नाहीत. सागरी पोलिसांना पत्र आधी जातं. तटरक्षक दलाचा १५५४ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे नंबर मंडपात मोठ्या अक्षरांत लावतो. किती जणी पाण्यात गेल्या आणि किती परत आल्या, हे मोजायला एक बाई वेगळी. तिला दुसरं काम नाही.

सगळ्यात अवघड होतं ते शर्यत थांबवण्याचं. लंडनला ऑक्सफर्ड-केंब्रिजची शर्यत २०१२ मध्ये चालू असताना एक माणूस पोहत होड्यांपुढे आला. पंचांनी शर्यत तिथेच थांबवली. एवढी गाजलेली शर्यत, पण कुणाला विचारत बसावं लागलं नाही. आमच्याकडे तेव्हा अध्यक्षा माझ्याकडे बघत होत्या, मी पाहुण्यांकडे.

आता लाल झेंडा तांडेल काकांच्या हातात असतो. त्यांनी तो वर केला की शर्यत बंद, मग मंडपात कुणीही बसलेलं असो. तसा ठराव करून सगळ्या गटांच्या सह्या घेतल्यात. आणि निमंत्रणात स्पष्ट छापतो: होड्या ठरल्या वेळी सुटतील, उशीर झाल्यास कृपया बक्षीस समारंभाला यावे. यंदा एक पाहुणे तसेच आले. हसतच आले.