अकरावीच्या अर्जावर न छापलेले



दहावीचा निकाल लागला की पालक विचारतात, "सर, स्कोप कशाला आहे?" पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने पुढची चाळीस वर्षे काय करावे, हे सांगायला मी ज्योतिषी नाही. पण आज अमुक विषय सोडला तर दोन वर्षांनी कोणता अर्ज भरता येणार नाही, हे कनिष्ठ महाविद्यालयात शिकवणाऱ्या आपल्यापैकी कोणालाही नेमके सांगता येईल. तेवढे तरी आपण सांगतो का?

एखाद्या मुलीचा हात चांगला असतो. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट, दोन्ही परीक्षांत 'अ' श्रेणी. आर्किटेक्ट व्हायचे घरात ठरलेले. गणिताची धास्ती, म्हणून ती कला शाखा घेते. चित्रकला म्हणजे कलाच, असा साधा हिशेब. मुंबईत सर जे. जे.च्या आवारात गेलात तर चित्रकलेच्या किंवा उपयोजित कलेच्या पदवीला बारावीची कोणतीही शाखा चालते. त्याच आवारात वास्तुकलेला मात्र गणित आणि भौतिकशास्त्र लागते. हे तिला कळते बारावीनंतर. एनडीएचेही तेच. 2022 पासून खडकवासल्याला मुलीही जातात, हे आपण स्नेहसंमेलनात अभिमानाने सांगतो. लष्करासाठी कोणतीही शाखा चालते. नौदल आणि हवाई दलासाठी गणित-भौतिकशास्त्र हवेच, हे सांगायचे राहून जाते.

विज्ञान शाखेतही निराळे काही घडत नाही. 'आपल्याला नीटच करायचीय' म्हणून पहिल्याच आठवड्यात गणित सुटते. 2024 मध्ये नीटला 23 लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. देशभरात एमबीबीएसच्या जागा होत्या सव्वा लाखाच्या आत. उरलेल्यांना फार्मसी आहे, कृषी आहे, नर्सिंग आहे. पण अभियांत्रिकीची पीसीएम गटाची सीईटी नाही, की दिल्ली विद्यापीठातले अर्थशास्त्र ऑनर्स नाही. जीवशास्त्राचे बरे आहे. ते बारावीनंतर जादा विषय म्हणून उत्तीर्ण झाले तरी नीटला बसता येईल, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2023 मध्ये जाहीर केले. गणित मागाहून घ्यायला कागदोपत्री वाट असेलही, पण दोन वर्षे हात न लावलेले गणित पुन्हा उघडणारा विद्यार्थी विरळा. वाणिज्यवाले सहकारी हसताहेत. 'मॅथ्स की एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस)' हा प्रश्न त्यांच्याकडे दर जूनमध्ये चहाच्या टपरीवर सुटतो.

मराठीचा मास्तर गणिताची वकिली करतोय, याचे काहींना नवल वाटेल. मग माझ्या विषयाचेही बोलतो. दुसऱ्या भाषेच्या जागी आयटी घेतले की टक्के वाढतात, म्हणून मराठीचे वर्ग ओस पडतात. टक्क्यांचा मोह मला समजतो. पण वकील व्हायचे म्हणणाऱ्या मुलाला तालुका न्यायालयाची भाषा मराठी आहे, आणि एमपीएससीच्या मुख्य परीक्षेत मराठीचा पेपर सक्तीचा आहे, हे प्रवेशाच्या खिडकीवरच सांगायला काय हरकत आहे? ऐकून त्याने आयटी घेतले तर खुशाल घ्यावे.

आता जरा अवघड जागेचे बोलतो. मुलांना विषय सुचवताना आपल्या डोळ्यांपुढे कधी कधी मूल नसते, कार्यभार असतो. तुकडी टिकली नाही तर सहकारी अतिरिक्त ठरतो, या भीतीने भूगोलाचा गळ टाकला जातो, तर्कशास्त्राचा टाकला जातो. भीती खरी आहे आणि तिचा जाब सरकारलाच विचारायला हवा. पण तिची किंमत मुलाने का मोजावी? शाखांमधल्या भिंती पाडायच्या, असे 2020 चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणते. आपल्या माहितीपुस्तिकेत मात्र विषयांचे गठ्ठे ठरलेले असतात, आणि ते ठरतात वेळापत्रकाच्या सोयीने.

म्हणून एक ठराव सुचवतो. प्रत्येक महाविद्यालयाने प्रवेशाच्या वेळी विषयांच्या यादीसमोर एक रकाना छापावा: हा विषय न घेतल्यास कोणते प्रवेश बंद होतात. नियम बदलतात, तेव्हा रकाना दरवर्षी तपासावा लागेल. ते काम विषयशिक्षकाने करावे, कारकुनावर ढकलू नये. दुपारच्या सत्रात ठराव चर्चेला येईल. विज्ञान शाखेच्या सहकाऱ्यांनी आधी बोलावे, कारण सर्वांत जास्त हरकती तिकडूनच येणार, असा माझा अंदाज आहे.