आमचे अंगण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दर वर्षी या दिवशी मी चहाच्या पातेल्यापाशी असते. यंदा चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या अंगणाचे चार शब्द सांगा," म्हणून उभी राहिले. चुकले तर सांभाळून घ्या.

२०२२ साली सासूबाई पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. पुढची दोन वर्षे माझा दिवस त्यांच्या खाटेभोवतीच गेला. अंगणाकडे पाहायला सवड कुणाला? फाटकापासून पायरीपर्यंत गाजर गवत कमरेइतके वाढले. हे गवत परदेशातून मागवलेल्या गव्हाबरोबर आले असे सांगतात, आणि १९५५ च्या सुमारास ते प्रथम दिसले ते आपल्याच पुण्यात! एकेका झाडाला हजारो बिया. एक वर्ष दुर्लक्ष केले की पुढे कित्येक वर्षे निस्तरावे लागते.

२०२४ च्या मे महिन्यात डॉक्टर म्हणाले, आजींना रोज थोडे बाहेर चालवा. वॉकर धरून त्या दारापर्यंत आल्या, बाहेर पाहिले आणि म्हणाल्या, "यात मी पाय कुठे ठेवू?" आणि परत फिरल्या. ते मला फार लागले.

दुसऱ्याच दिवशी मी पदर खोचला. उघड्या हातांनी गवत उपटले, त्याची खाज आठ दिवस गेली नाही. तेव्हा बायांनो, हातांत पिशव्या घाला, नाकाला फडके बांधा, आणि पावसाची एक सर पडून माती मऊ झाली की फुलावर येण्याआधी मुळासकट उपटा. आणखी एक कबुली देते. आंब्याचा पाचोळा मी पहिल्या दिवशी पेटवून दिला. शेजारच्या काकूंना दम्याचा त्रास. त्या बोलल्या नाहीत, नुसत्या खिडक्या लावून घेतल्या. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्यानंतर काडी ओढली नाही.

तोच पाचोळा मग कामाला आला. आंब्याच्या सावलीत गवत धरत नाही. तिथे पाचोळा चुरून चार बोटे जाड पसरला. मात्र बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी ठेवावी, नाहीतर साल कुजते. खाली ओल टिकते आणि तणाला ऊन न मिळाल्याने ते फारसे डोके वर काढत नाही.

उन्हाच्या जागी हिरवळ. वीतभर खणले, खडे आणि लव्हाळ्याच्या गाठी वेचल्या. (खणायला मुलगा दोन संध्याकाळ आला, मग त्याची परीक्षा निघाली!) चांगले कुजलेले शेणखत मिसळले आणि पाणी घराकडे न येता फाटकाकडे जाईल असा उतार दिला. सोलापूर रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेतून लॉनच्या तयार पट्ट्या आणल्या, सतरंजीसारख्या गुंडाळलेल्या. विटांसारखे सांधे चुकवून त्या अंथरल्या आणि फळी ठेवून वर उभे राहून दाबल्या. भिंतीकडे बोटभर फटी राहिल्या, तिथल्या कडा पिवळ्या पडल्या. पाऊस दडी मारी तेव्हा रोज पाणी घातले. तीन आठवड्यांनी पट्टी ओढून पाहिली, उचलली गेली नाही. मुळे धरली होती.

पट्ट्या महाग, म्हणून फाटकाच्या वाटेपुरत्याच घेतल्या. बाकी जागेत हरळीचे धागे वीत-वीत अंतरावर खोचले. दिवाळीपर्यंत ते एकमेकांना भेटले. मला विचाराल तर सगळीकडे हरळीच लावली असती, पण सासूबाईंना थांबायला कुठे वेळ होता?

श्रावणात त्या बाहेर आल्या, खुर्चीवर बसल्या, सगळीकडे पाहिले. मी आपली शाबासकीची वाट पाहत उभी. त्या म्हणाल्या, "आणि सडा कुठे घालायचा?"

मी हिरवळ थेट पायरीपर्यंत नेली होती! त्यांनी चाळीस वर्षे जिथे रांगोळी घातली, ती जागाच मी ठेवली नव्हती. दुसऱ्या दिवशी विळ्याने दीड पट्टी कापली, जमीन चोपून सारवली. निघालेले तुकडे भिंतीकडच्या पिवळ्या जागी बसवले.

आता रोज सकाळी त्या खुर्चीवरून सांगतात आणि मी ठिपके टाकते. माझी रेघ त्यांना अजून पसंत नाही.

हरळी आता वाटेवरही येऊ लागली आहे. ज्यांना धागे हवे असतील त्यांनी संध्याकाळी पिशवी घेऊन यावे.