नवे बिऱ्हाड आणि गाव
(वर्धापनदिनाच्या सभेतील भाषण)



माणसे गाव सोडून जातात, याची हळहळ आपण नेहमीच करतो. पण बाहेरचे माणूस गावात येईल का, आणि आले तर टिकेल का, हा विचार क्वचितच होतो. म्हणून आज मी जपानमधल्या एका डोंगरी गावाची हकीकत सांगणार आहे.

शिकोकू बेटावर, तोकुशिमा प्रांतात कामियामा नावाचे गाव आहे. १९५५ साली काही खेडी एकत्र होऊन ते बनले, तेव्हा वस्ती वीस हजारांवर होती. आज ती पाच हजारांच्या आसपास आहे. तरुण शहराकडे गेले आणि घरांना कुलपे लागली.

गावकऱ्यांनी १९९९ पासून देशोदेशीच्या कलावंतांना काही काळ पाहुणे म्हणून बोलावण्यास आरंभ केला. त्यामुळे परक्यांविषयीची भीड मोडली. २००४ मध्ये त्यांनी 'ग्रीन व्हॅली' ही संस्था काढली. पुढे रिकामी घरे देताना त्यांनी एक युक्ती केली: गावात कोणत्या धंद्याचे माणूस नाही ते आधी ठरवायचे आणि तसेच माणूस बोलवायचे. पाव भाजणारा हवा, तर घर त्यालाच! वेगवान इंटरनेट गावात पोहोचलेलेच होते. २०१० मध्ये तोक्योच्या एका कंपनीने जुन्या घरात कचेरी थाटली. २०११ साली प्रथमच जाणाऱ्यांपेक्षा येणारे अधिक भरले. २०२३ मध्ये तेथे तंत्रविद्यालयही निघाले.

वृद्ध माणसे निवर्तत असल्याने एकूण वस्ती अजून घटतेच आहे. पण गावात चूल पेटते, दुकान चालते, मुले दिसतात, हे काय थोडे झाले?

भगिनींनो, परक्या अंगणात रुजणे म्हणजे काय, हे सासरी आलेल्या बाईला कोणी शिकवावे लागत नाही. आपल्याकडेही परिचारिका, शिक्षिका बिऱ्हाड शोधीत येतात. जात विचारून आपण खोली नाकारली, तर ती बिचारी बदलीच मागणार. मग बाळंतिणीला रात्री कोण पाहील? मुलांना कोण शिकवील?

माझे मागणे लहान आहे. गल्लीत नवे बिऱ्हाड आले, की दळण कोठे मिळते, दूध कोण घालते, पाणी केव्हा येते, एवढे त्यांना आठवड्याच्या आत सांगून या. आणि येताना मंडळाच्या सभेचे आमंत्रण देऊन या.