पाणथळ बागेंतील गन्नेरा

बागेच्या ज्या कोपऱ्यांत पाणी मुरून राहतें, तेथें गुलाब तग धरीत नाहीं. अशा जागेसाठीं ब्रिटन व आयर्लंड येथील उद्यानरसिकांनीं एकोणिसाव्या शतकांत दक्षिण अमेरिकेंतून एक वनस्पति आणिली. तिचें नांव गन्नेरा. नॉर्वेचे बिशप व वनस्पतिशास्त्रज्ञ योहान गुन्नेरुस यांच्यावरून लिनीअसनें हें नांव योजिलें.

तळ्याकाठीं वाढलेल्या गन्नेराचें एकेक पान दोन मीटरपर्यंत रुंद होतें. पाऊस आल्यास त्याखालीं माणूस सहज उभा राहील. एवढ्या वाढीला लागणारा नत्र पुरविण्यास तिच्या खोडांतील ग्रंथींत नोस्टॉक नांवाचे सूक्ष्मजीव वस्तीला असतात. ते हवेंतील नत्र तिला देतात व मोबदल्यांत तिच्याकडून शर्करा घेतात. हिवाळा आला कीं माळी तिचींच पानें कापून तिच्या कोंभावर उपडीं घालतात.

बागांतून तिच्या दोन जाती प्रसिद्ध झाल्या : ब्राझीलची मॅनिकाटा व चिलीची टिंक्टोरिया. महाराष्ट्रांत अळूचीं देठें सोलून भाजींत घालतात, तसे चिलीचे लोक टिंक्टोरियाचे कोंवळे देठ सोलून खातात. परंतु आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, सौम्य व पावसाळी हवेंत, हीच जात कुंपणाबाहेर पडली. एका जोमदार झाडाला वर्षांत दोन लाखांहून अधिक बिया येऊं शकतात; पक्षी व ओढे त्या दूर नेतात. अ‍ॅकिल बेटावर तिनें शेतें व उतार व्यापिले. तिच्या दाट छायेखालीं स्थानिक गवत जगत नाहीं. २०१७ सालीं युरोपीय संघानें तिची विक्री व लागवड निषिद्ध केली.

मॅनिकाटा मात्र निरुपद्रवी, असें समाधान बागवाले मानीत होते. २०२३ सालीं रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या संशोधनानें तेंही हिरावलें. मॅनिकाटा म्हणून ब्रिटनमध्यें विकलें जाणारें रोप वस्तुतः दोन्ही जातींचा संकर ठरलें, आणि निर्बंध त्यालाही लागू झाला. पूर्वीचीं झाडें ठेवतां येतात, पण तीं पसरणार नाहींत ही जबाबदारी मालकाची.

महाराष्ट्रांतील नद्या झांकणारी जलपर्णीही दक्षिण अमेरिकेंतून शोभेसाठींच भारतांत आली. पाणथळ बागेचें पाणी शेवटीं ओढ्याला मिळतें. म्हणून रोपाची जात विश्वासाच्या जागीं तपासून घ्यावी, बीं धरण्यापूर्वीं तुरे कापावेत, आणि उपटलेलें खोड प्रवाहांत कधींही टाकूं नये; त्याच्या तुकड्यालाही पुन्हा पालवी फुटते.