आखाजीची पंगत

बहिणाबाई चौधरींचं माहेर असलेल्या जळगावजवळच्या असोद्याच्या परिसरात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, तेव्हा पारा पुष्कळदा ४२ अंशांपुढे असतो. म्हणून पाहुण्यांची पंगत दिवेलागणीला अंगणात बसवा. आधी सडा घाला, जमीन निवली की सतरंज्या अंथरा. ताटांऐवजी केळीची पानं घ्या. जळगावात ती मुबलक. पान ओल्या फडक्यानं पुसून आचेवर हलकं फिरवलं, की फाटत नाही. टोक जेवणाऱ्याच्या डावीकडे ठेवा. वर मीठ, डावीकडे लोणचं-कुरडई, उजवीकडे भाजी. मधे खापरावरची पुरणपोळी, शेजारी वाटीत आमरस. आंबे मात्र रस काढण्याआधी तासभर पाण्यात ठेवा. आणि पाहुणा टेकताच पहिल्यांदा माठातलं पाणी द्या.